पाचव्या मजल्यावरचं दूध

आम्ही आजवर किती घरं पाहिली तो आकडा मला तोंडपाठ आहे, पण बायको समोर असली की मी तो सांगत नाही. तिला तो आवडत नाही. ती म्हणते, पाहिलेल्या घरांचा आकडा कसला सांगता, राहिलेल्या घरांचा सांगा. राहून झालेली घरं सात. सातही भाड्याची.

मी अंबरनाथला एका कारखान्यात कॉस्टिंगला आहे. डबा, झाकण, लेबल, आतला माल, प्रत्येकाची किंमत पैशापर्यंत काढायची आणि ती का वाढली हे वरच्यांना सांगायचं, एवढंच माझं काम. लग्न झाल्यापासून आम्ही उल्हासनगर आणि अंबरनाथ यांच्यामध्ये फिरत राहिलो. दर अकरा महिन्यांनी करार. कधी मालक भाडं वाढवायचा, कधी त्याच्या भावाला खोली हवी असायची. मुलगी नाशिकला दिली तीही भाड्याच्याच घरातून. तेव्हाचा मालक सिंधी होता, स्वभावाने चांगला, पण भिंतीच्या बाबतीत कडक. "भाभीजी, सब करो, दीवार में कील मत ठोको," एवढंच त्याचं म्हणणं. म्हणून मुलीच्या लग्नात दाराला तोरण लावलं ते चिकटपट्टीने. वऱ्हाड यायच्या आत ते दोनदा पडलं. दुसऱ्यांदा पडलं तेव्हा बायकोने ते उचललं, घडी करून कपाटात ठेवलं आणि म्हणाली, "राहू दे तसंच."

त्यानंतर आम्ही घर बघायला लागलो. म्हणजे आधीही बघत होतो, पण आता ती मागे लागली.

घर बघायला जाताना मी टेप नेतो. पिशवीत टॉर्चही असतो. पहिल्या दहा मिनिटांत मी खोल्या मोजतो, तेवढ्यात ती ओट्यापाशी जाऊन उभी राहते. माझी मोजणी संपेपर्यंत तिचं ठरलेलं असतं. मग मी काहीतरी शोधून काढतो आणि आम्ही परत येतो.

बदलापूरला मांजर्लीत एक पहिल्या मजल्यावरचं घर तिला फार आवडलं होतं. भाव बसत होता, कागद स्वच्छ होते. मी जिन्याखाली टॉर्च मारला. खालच्या भिंतींना माझ्या खांद्यापर्यंत नवा रंग होता आणि त्याच्या वर जुना. शेजारच्या दुकानदाराला विचारलं, पुराचं पाणी कुठपर्यंत येतं. तो म्हणाला, "तुमच्या घरात नाही येणार, पण तुम्हाला घरातून निघता पण नाही येणार." आम्ही परतलो. अंबरनाथला एक घर होतं, कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. संध्याकाळी वारा फिरला की खिडकीतून केमिकलचा वास आत यायचा. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "रोज तोच वास घेऊन घरी येता. मला सवय आहे." उल्हासनगरात एका एजंटने दोन खोल्या दाखवल्या. जागेचे कागद नेमके कोणाच्या नावावर आहेत असं विचारलं तर तो हसला. "साईं, यहाँ पूरा उल्हासनगर ऐसा ही है. आप घर देखो. कागज़ बाद में देख लेंगे." कागद नंतर बघण्याइतका मी धीट नाही.

एकदा बदलापूर स्टेशनबाहेर रिक्षाची वाट बघत असताना ती म्हणाली, "तुम्हाला घर नकोच असतं. तुम्हाला त्यात एक चूक हवी असते. ती सापडली की कसे टवटवीत होता."

मी म्हणालो, चूक माझी नसते, बिल्डरची असते.

"हो ना. पण राहते मी भाड्याने."

ती खोटं बोलत नव्हती.

त्याच सुमारास आमच्या उल्हासनगरच्या इमारतीला महापालिकेची नोटीस आली. इमारत तपासून घ्या, तपासणीचा दाखला द्या. मालकाने चौकशी केली. तपासणीपेक्षा इमारत रिकामी करणं त्याला स्वस्त पडत होतं. त्याने सगळ्या भाडेकरूंना सांगून टाकलं की हा करार संपला की पुढचा होणार नाही. म्हणजे आता आमच्या शोधाला मुदत पडली. मुदत पडली की खरेदी महाग पडते, हे मी रोज कारखान्यात बघतो.

बदलापूरच्याच बेलवलीतलं घर या मुदतीत आलं. इमारत अर्धवट होती, वरचे स्लॅब टाकून झालेले, खाली भिंती चालू होत्या. खालच्या पत्र्याच्या ऑफिसात बुकिंगला जो बसायचा तो बदलापूर गावातलाच होता. त्याच्या घरचं भाताचं खाचर त्या प्लॉटमध्ये गेलं होतं, त्या बदल्यात थोडे पैसे, दोन फ्लॅट आणि ही बुकिंगची नोकरी असं ठरलं होतं. चाळिशीचा असेल. मोकळा माणूस. मी विचारायच्या आधीच त्याने सांगितलं.

"साहेब, तुम्हाला खोटं नाय सांगत. चौथ्यापर्यंत पास आहे. पाचव्याची फाईल टाकलीय. म्हणून पाचवा स्वस्त आहे."

"फाईल पास नाही झाली तर?"

"माझे दोन फ्लॅट तिथेच आहेत ना. मी काय येडा आहे?"

पाचव्यावर जाऊन टेप लावली. जाहिरातीत लिहिलं होतं त्यातलं दोन तृतीयांश प्रत्यक्षात होतं, म्हणजे इतरांपेक्षा बरंच. बायको स्वयंपाकघरात गेली. खिडकीला अजून चौकटही नव्हती, नुसतं भिंतीत भोक. त्यातून पलीकडची झाडं दिसत होती आणि लांब डोंगराची रेघ. प्रत्येक घरात ती काहीतरी बोलायची. इथे फ्रिज, इथे देव, इथे डबे. या घरात ती काहीच बोलली नाही. नुसती उभी राहिली. मी बोलावलं तेव्हा तिसऱ्या हाकेला आली.

मी असा विचार केला. टोकन द्यायचं, ते परत मिळेल असं लिहून घ्यायचं आणि थांबायचं. तोवर परवानगी आली तर उत्तम, नाही आली तर टोकन उचलायचं आणि निघायचं. करार रजिस्टर होईपर्यंत आपण मोकळे. बुकिंगवाल्याने लिहून दिलं, वर शिक्काही मारला. बाहेर पडताना मी तिला म्हणालो, "बघ, यात आपलं नुकसान काहीच नाही. धीर धरायचा फक्त."

ती म्हणाली, "धीर मला शिकवू नका."

दसऱ्याच्या आधी बुकिंगवाल्याचा फोन आला. दसऱ्याला सगळ्या पार्ट्यांना बोलावलंय, आपापल्या घरात दूध उतू घालायचं, पातेलं आणि शेगडी आमच्याकडून, गुरुजी आमचे, जेवण खाली मंडपात. मी म्हणालो, अहो, अजून करार नाही, ताबा नाही, कसली वास्तू?

"वास्तू नाय हो, नुसतं दूध. मुहूर्त आहे साहेब. वहिनींना आणा."

मी वहिनींना नेलं. माझ्या हिशेबात दूध कुठेच बसत नव्हतं म्हणून मी त्याला शून्य धरलं. अर्धा लिटर दूध, तेही त्यांचंच.

लिफ्ट नव्हतीच. जिन्याला कठडाही नव्हता, दोऱ्या बांधल्या होत्या. नवी पातळं नेसलेल्या बायका पातेली घेऊन भिंतीच्या बाजूने चढत होत्या आणि पुरुष मागून शेगड्या. गुरुजी एकच. ते खालून वर प्रत्येक दारात दोन-दोन मिनिटं थांबत आणि पुढे जात. पाचव्या मजल्यावर सहा घरं होती, सहाही भरली होती, दार मात्र एकालाही नव्हतं. सगळ्यांचं सगळं सगळ्यांना दिसत होतं.

खिडकीच्या भोकातून वारा येत होता, शेगडी सारखी विझायची. बायको पदर आडवा धरून उभी राहिली. मी म्हणालो पदर पेटेल, तिने ऐकलं नाही. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "आमचं गेलं हो उतू! तुमचं?"

"आमचं तापतंय!" बायकोही ओरडली. तिला इतक्या मोठ्याने बोलताना मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. भाड्याच्या घरात ती हळू बोलते.

"गॅस मोठा करा!"

"मोठाच आहे, वाराच मेला ऐकत नाहीये!"

मग दूध एकदम वर आलं आणि पातेल्याच्या काठावरून ओट्याच्या कच्च्या सिमेंटवर गेलं. सिमेंटने ते लगेच पिऊन टाकलं. बायको हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कोणीतरी फोटो काढत फिरत होतं, त्याने आमचाही काढला. बुकिंगवाला पायऱ्या चढून घामाघूम होऊन आला आणि तिला म्हणाला, "झालं वहिनी. आता घर तुमचं."

खाली जेवताना मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, फाईलचं काय. तो म्हणाला, येतेय. आणि श्रीखंड वाढून घेतलं.

त्या दिवसापासून ती "आपल्या घरी" म्हणायला लागली. आपल्या घरी वारा फार आहे. आपल्या घरी हा डबा नको, नवीन घेऊ. मी म्हणायचो, अगं, अजून परवानगी नाही, आपण सोडू शकतो. एकदा मी हे बोलल्यावर ती पोळ्या लाटता लाटता थांबली.

"दूध उतू गेलंय तिथे."

"दूध म्हणजे काय करारनामा आहे?"

"तुमच्यासाठी नसेल."

पुढे मी तिला पटवायचा बराच प्रयत्न केला. ती शिकलेली आहे, अंधश्रद्ध अजिबात नाही, शनिवारी नखं कापते. पण हे तिच्या दृष्टीने श्रद्धेचं नव्हतंच. ज्या ओट्यावर आपण दूध उतू घालतो तो ओटा सोडून जायचं नसतं, तसं करणं म्हणजे लग्न ठरवून मोडण्यासारखं. तिने ते मला समजावूनही सांगितलं नाही, आणि त्यामुळे मला खोडताही आलं नाही. मी ज्याला मोकळीक समजत होतो त्यातलं काहीच उरलं नव्हतं. टोकनची पावती माझ्याकडे होती, तिच्यावर परतीची अट होती, आणि त्या अटीचा काही उपयोग नव्हता.

दर महिन्याला मी बेलवलीला जाऊन विचारायचो. बुकिंगवाला चहा मागवायचा. फाईल पुढे गेलीय, एक सही राहिलीय, साहेब रजेवर आहेत. तो मला फसवत होता असं मला वाटलं नाही. त्यालाही तेवढंच सांगितलं जात असणार. एकदा तर माझ्यासारख्याच आवाजात त्याने विचारलं, "साहेब, तुमच्या कारखान्यात पण असं लटकतं का काम?" मी हो म्हणालो. मग दोघांनी चहा संपवला.

आमच्या बँकेने पाचव्या मजल्यासाठी कर्ज द्यायला नकार दिला. बुकिंगवाल्याने एक फायनान्स कंपनी सुचवली, ती देत होती, पण व्याज दोन टक्क्यांनी जास्त. त्या दोन टक्क्यांचे वीस वर्षांत किती होतात ते मी काढलं, बायकोला दाखवलं नाही. दाखवून काय करणार होतो? आकडा खरा होता आणि तिच्यापुढे तो लहान पडत होता.

इकडे उल्हासनगरचा मालक यायला लागला. आधी महिन्यातून, मग आठवड्याला. वरच्या मजल्यावरचे गेले, समोरचे गेले. रिकाम्या खोल्यांचे नळ, खिडक्या कोणीतरी काढून नेऊ लागलं. बायकोने निम्मं सामान खोक्यांत भरलं आणि खोक्यांवर पेनाने लिहिलं, स्वयंपाकघर, देव, बेडरूम. तिच्या डोक्यात त्या खोल्या कुठल्या घरातल्या होत्या हे मला विचारावं लागलं नाही. एका संध्याकाळी मी घरी आलो तर ती खोक्यांच्या मध्ये बसली होती. दिवा लावला नव्हता. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "तुम्ही सोडा म्हणालात तर सोडू. पण मग यानंतर मला घर बघायला नेऊ नका."

मी दुसऱ्या दिवशी बुकिंगवाल्याला फोन करून सांगितलं की करार करून टाकू.

हे मी न पटता केलं. पण न पटलेल्या गोष्टी करताना माणूस मनाची तयारी करतो, तशी मीही केली. बदलापुरात किती इमारतींचे मजले असे आधी उठले आणि मग पास झाले असतील, याची यादी मी मनात करत राहिलो. चौकशी न करता. आयुष्यात पहिल्यांदाच चौकशी न करता.

रजिस्ट्रेशन उल्हासनगरातच होतं. ऑफिसात गर्दी होती, आमचा नंबर बराच मागे होता. बाकावर मी, बायको आणि बुकिंगवाला. बिल्डरचा वकील कागदांचा गठ्ठा घेऊन खिडकीपाशी. करारासोबत एक वेगळा कागद होता, त्यावर असं होतं की पाचव्या मजल्याची परवानगी प्रलंबित आहे हे खरेदीदारास माहीत आहे व त्याबाबत त्याची कोणतीही तक्रार राहणार नाही. मी तो दोनदा वाचला. बायको नवीन साडी नेसली होती. तिने तो वाचला नाही, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, ठीक आहे.

ती पदर सारखा नीट करत होती. बुकिंगवाल्याच्या ते लक्षात आलं. तो चांगल्या मनाने पुढे झुकला.

"वहिनी, टेन्शन घेऊ नका. आता नुसती फाईल नाय राहिली. दसऱ्याचे फोटो लावलेत तिला, प्रत्येक फ्लॅटचा एक. तुमचा तर एक नंबर आलाय. पदर आडवा धरलाय, दूध वर येतंय. असा संसार बघितल्यावर कोण हात लावणार मजल्याला?"

"माझा फोटो?" ती म्हणाली. "कशाला?"

"माणसं राहायला आलीत हे दाखवायला."

"आम्ही कुठे राहायला आलोय?"

"आता येताय ना. सही झाली की लगेच चाव्या. सामान सावकाश आणा, पण एक करा वहिनी, रोज संध्याकाळी दिवा लावून जा. वर उजेड दिसला पाहिजे. माणसं असली की पाडत नाय." तो थोडा थांबला. "मी माझ्या आईला नेऊन ठेवलीय वर. गुडघे गेलेत तिचे. चौघांनी खुर्चीतून चढवली."

"एकट्याच असतात?"

"दिवसभर असते. आम्ही जाऊन येऊन."

"खाली कधी आणणार त्यांना?"

"मजला पास झाला की."

"आणि नाही झाला तर?"

तो हसला, पण ओशाळून. "सहाही घरं भरली की होणारच, वहिनी. म्हणून तर मी मागे लागलोय सगळ्यांच्या."

बायको उठली. पर्स खांद्याला लावली.

मला वाटलं पाणी प्यायला चालली. पण ती जिन्याकडे निघाली. मी मागे गेलो आणि तिचा हात धरला, आणि पुढे जे बोललो ते मला अजून ऐकू येतं. "अगं बस. नंबर येईल आता. परवानगी येते अशी, थोडं मागेपुढे होतं. सगळीकडे असंच चालतं. राहायला लागलं की कोण काढतंय?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. ओळखीचा माणूस आहे का हे पाहावं तसं.

"हे तुम्ही बोलताय?"

मी हात सोडला. ती खाली उतरली. मी आत जाऊन वकिलाला सांगितलं की आज नको. वकिलाला त्यात काही नवीन नव्हतं, त्याने गठ्ठ्यातून आमचे कागद काढून पुढच्यांचे वर घेतले. बुकिंगवाला उभा राहिला. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "साहेब, मी बोलायला नको होतं का?" मी म्हणालो, तसं नाही. त्याच्या आईबद्दल काहीतरी बोलावं असं वाटलं, पण काय बोलणार? लवकर खाली आणा म्हणालो असतो, तर मजला कोण भरणार?

खाली रस्त्यापलीकडे दाल पकवानची गाडी होती. बायको तिथे उभी राहून खात होती. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं तिने. मला पाहून तिने गाडीवाल्याला सांगितलं, "एक और."

मीही खायला लागलो. कुरकुरीत पकवान खाताना मोठा आवाज होतो, त्याचा आधार वाटला.

मग ती म्हणाली, "मला घर पाहिजे होतं. राखणीला बसायचं नव्हतं."

"बरोबर आहे."

"तुम्हाला माहीत होतं ना? की आपल्याला मजला भरायला घेतायत?"

"अंदाज होता."

"मग सह्या का करत होतात?"

"तुझ्यासाठी."

तिने कागदी डिश गाडीखालच्या डब्यात टाकली आणि हात पुसले. "माझ्यासाठी नव्हतं करायचं. एवढी वर्षं मी कशाच्या जोरावर हट्ट करते? तुम्ही नाही म्हणाल म्हणून. तुम्ही नाही म्हणणार हे ठरलेलं असलं की मला हवं ते मागता येतं." गाडीवाला सुटे पैसे देत होता. "आज तुम्ही हो म्हणालात. आता मी काय करू?"

मला वाटलं होतं की ती बिल्डरवर चिडली असेल, किंवा माझ्यावर, पण यात इतके महिने घालवले म्हणून. हे मला नवीन होतं. रिक्षा केली. उल्हासनगरच्या त्या रिकाम्या होत चाललेल्या इमारतीत जाऊन तिने साडी बदलली आणि 'स्वयंपाकघर' लिहिलेलं खोकं उघडून कुकर बाहेर काढला, कारण खोक्याबाहेर ठेवलेल्या पातेल्यात भात रोज खाली लागत होता.

टोकन परत मिळालं. त्यातून दसऱ्याच्या जेवणाचे आणि पूजेचे म्हणून काही रक्कम कापली होती. मी भांडलो नाही.

आम्ही अंबरनाथ पूर्वेला आलो. हे आठवं. इथला मालक खिळे ठोकू देतो, पण अजून एकही ठोकलेला नाही. बेलवलीच्या त्या मजल्याचं काय झालं हे मला नक्की माहीत नाही. एकदा कामासाठी तिकडून गेलो तेव्हा पाचव्या मजल्यावर कपडे वाळत होते, सहाच्या सहा गॅलऱ्यांत. परवानगी आली असेल किंवा आली नसेल, खालून ते कळत नाही. आली असेल तर आम्ही एक चांगलं घर सोडलं, जे आता आमच्या आवाक्यात नाही. नसेल आली तर त्या घरांतली माणसं आणि त्यांच्यातली एक म्हातारी बाई रोज संध्याकाळी दिवा लावत असतील. दोन्हींपैकी मला काय हवंय, हे मला सांगता येत नाही. कारखान्यात असा हिशेब मी कोणाला दाखवणार नाही.

घर बघायला मी अजून जातो. ती येत नाही. "तुम्ही बघून या," म्हणते. मी एकटाच टेप लावतो, टॉर्च मारतो, जिन्याखालच्या भिंती बघतो, शेजारी विचारतो. मोजून झालं की स्वयंपाकघरात जातो आणि ओट्यापाशी उभा राहतो. तिथे काय बघायचं असतं ते मला माहीत नाही. ती तिथे उभी राहून काय बघत होती हे मी कधी विचारलंच नाही, कारण तेवढ्या वेळात माझी मोजणी चालू असायची. मग मी घरी येऊन सगळं सांगतो, क्षेत्रफळ, भाव, पाण्याची वेळ, उजेड. ती ऐकते. कुठल्याच घराबद्दल हट्ट करत नाही.

गेल्या महिन्यात अंबरनाथलाच एक सापडलं. दुसरा मजला, तयार घर, भोगवट्याचा दाखला आलेला, कागद मी दोन वकिलांकडून वाचून घेतले. पूर येत नाही, वास येत नाही. बँक कर्ज द्यायला तयार आहे. टेपचं माप जाहिरातीच्या जवळपास निघालं. मी जिथे जिथे चूक शोधतो तिथे सगळीकडे शोधली.

तिला सांगितलं. ती धुतलेल्या चादरीच्या घड्या घालत होती. एक टोक तिने माझ्या हातात दिलं, आम्ही दोघांनी मिळून चादर ताणली.

"एकदा येऊन बघ ना," मी म्हणालो.

"तुम्हाला पटलंय ना? मग घ्या."

"तुला आवडलं पाहिजे."

"आवडेल," ती म्हणाली, आणि चादरीची घडी माझ्या हातातून घेतली.

एजंटचा रोज फोन येतो. दुसरी पार्टी तयार आहे म्हणतो, ते खरंही असेल. मी त्याला उद्या सांगतो म्हणतो. घरात एकही चूक नाही. तरी टोकन अजून मी दिलेलं नाही.